परत आलेला डबा : महाग वस्तू ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी



ऑनलाइन फसवणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घेणारा येतो. मोबाइल मागवला आणि डब्यातून साबणाची वडी निघाली, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. आज मी उलट बाजूबद्दल बोलणार आहे. मोबाइल विकला, पैसे आले, चार दिवसांनी ‘आवडला नाही’ म्हणून डबा परत आला, आणि साबणाची वडी विकणाऱ्याच्या हातात पडली. आता काय करायचं?

हा प्रश्न फक्त मोठ्या व्यापाऱ्यांचा राहिलेला नाही. आज घरात बसून पैठणी विकणाऱ्या बायका आहेत. जुने कॅमेरे, लेन्स, घड्याळं विकणारे हौशी लोक आहेत. चांदीची भांडी, दागिने, वाद्यं विकणारे आहेत. माझ्यासारखे निवृत्त झालेले कितीतरी जण पेन्शनला जोड म्हणून हे करतात. इंदूरचा माणूस कोचीला माल पाठवतो, हैदराबादची बाई दिल्लीला पाठवते. घेणाऱ्याचा चेहरा कधी दिसत नाही. मोठ्या कंपनीला एक डबा गेला तर तो तिच्या हिशेबातला एक आकडा असतो. आपल्याला तो दोन महिन्यांचा घरखर्च असतो.

गणित मांडून बघू. समजा तुम्ही ८०,००० रुपयांची एक कॅमेऱ्याची लेन्स विकली. तुमचा नफा ८ टक्के धरला तर ६,४०० रुपये. ती लेन्स परत आली, डब्यात त्याच मॉडेलची पण बुरशी धरलेली जुनी लेन्स निघाली, आणि तुम्हाला पूर्ण पैसे परत करावे लागले. तुमचे गेले ७३,६०० रुपये. ते भरून काढायला तशाच अकरा-बारा लेन्स विकायला हव्यात, आणि त्यातली एकही परत येता कामा नये. स्वस्त मालात फसवणूक झाली तर माणूस चडफडतो आणि पुढे जातो. महाग मालात धंदाच बसतो.

आता या फसवणुकीचे प्रकार बघू. मी साधारण पाच धरतो.

पहिला, अदलाबदल. चांगली वस्तू ठेवून घ्यायची आणि तशीच दिसणारी जुनी, बिघडलेली किंवा नकली वस्तू परत पाठवायची. महाग मालात सगळ्यांत जास्त धोका याचाच. २०१७ मध्ये बंगळूरूमध्ये असं एक प्रकरण पोलिसांकडे गेलं होतं. एका महिलेवर आरोप होता की तिने ॲमेझॉनवरून शंभराहून अधिक वेळा महाग वस्तू मागवल्या आणि परत करताना हलक्या, नकली वस्तू दिल्या. रक्कम सुमारे ७० लाख रुपये सांगितली गेली. एवढी मोठी कंपनी, एवढी यंत्रणा, आणि तिथेही हे शंभर वेळा चाललं. तर आपली काय कथा?

दुसरा, ‘डबा रिकामा होता’ किंवा ‘मिळालाच नाही’. त्याच वर्षी दिल्ली पोलिसांनी एका तरुणाला अटक केली. दीडशेहून जास्त महाग मोबाइल मागवून प्रत्येक वेळी डबा रिकामा आला असं सांगायचं आणि पैसे परत घ्यायचे, असा आरोप होता. रक्कम सुमारे ५० लाख. वेगवेगळे नंबर आणि वेगवेगळी खाती वापरल्यामुळे प्रत्येक तक्रार नव्या ग्राहकाची वाटत होती.

तिसरा, वापरून परत. लग्नापुरती साडी, सहलीपुरता कॅमेरा, एका कार्यक्रमापुरता हार. काम झालं की ‘फोटोसारखा रंग नाही’. हे करणाऱ्या बऱ्याच लोकांना आपण काही गैर करतोय असं वाटतही नाही.

चौथा, भाग काढून घेणं. वस्तू तीच परत येते, नंबरही तोच, पण आतली चांगली बॅटरी गेलेली असते, चार्जर नसतो, घड्याळाच्या पट्ट्याच्या दोन कड्या कमी असतात, सेटमधलं एक कानातलं बदललेलं असतं.

पाचवा, दमदाटी. वस्तू परत करायचीच नसते. ‘निम्मे पैसे परत द्या, नाहीतर एक तारा देईन आणि ग्रुपवर लिहीन.’ नवा विक्रेता घाबरतो आणि देतो. एकदा दिले की तो माणूस आणखी दोघांना सांगतो, इथे मिळतात.

या पाचांशिवाय आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चोर दर वेळी ग्राहकच असतो असं नाही. डबा तुमच्या घरून निघतो, गोदामात जातो, ट्रकमध्ये जातो, दुसऱ्या गोदामात जातो, दुचाकीवर चढतो. वाटेत कुठेही तो उघडला जाऊ शकतो. घेणारा प्रामाणिकपणे म्हणतो, ‘मला दगड मिळाला.’ तुम्ही प्रामाणिकपणे म्हणता, ‘मी लेन्स पाठवली.’ दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही एकमेकांना चोर समजतात. म्हणून मी म्हणतो, आधी माणसावर संशय घेऊ नका. आधी वस्तूची ओळख पटवा.

ही सवय मला लष्करात लागली. तुमच्यापैकी जे फौजेत होते त्यांना कोत माहीत आहे. कोत म्हणजे युनिटचं शस्त्रागार. जवान सकाळी रायफल घेतो तेव्हा रजिस्टरमध्ये तिचा नंबर लिहिला जातो आणि सही होते. रायफल परत येते तेव्हा कोत एनसीओ तिच्यावरचा नंबर वाचतो, रजिस्टरशी ताडून बघतो आणि मगच ती जमा करून घेतो. समोर वीस वर्षं ओळखीचा हवालदार असला तरी नंबर वाचला जातोच. त्यात कोणाचा अपमान नसतो, कारण तो नियम सगळ्यांना सारखा असतो. आणि एक बघा, परतीच्या वेळी नंबर ताडता येतो कारण देताना तो लिहिलेला असतो. देताना लिहिलाच नसेल तर परतीच्या वेळी कितीही डोळे फाडून बघा, उपयोग नाही.

आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. परतीच्या फसवणुकीचा बंदोबस्त डबा परत आल्यावर होत नाही, तो डबा पाठवताना होतो.

बडोद्याला आमच्या नात्यातल्या एक वहिनी आहेत. येवल्याच्या विणकरांकडून हातमागाच्या पैठण्या घेऊन ओळखीतून आणि मोबाइलवरून विकतात. एक पैठणी ६८,००० रुपयांना दुसऱ्या राज्यात गेली. पाचव्या दिवशी निरोप आला, ‘रंग फोटोसारखा नाही, परत पाठवतेय.’ वहिनी म्हणाल्या, पाठवा. डबा आला तेव्हा कुरिअरचा मुलगा दारात घाई करत होता, ‘आंटी, जल्दी साइन कर दो, बहुत पार्सल बाकी हैं.’ त्यांनी सही केली, ‘माल ठीक मिळाला’ या रकान्यात. संध्याकाळी उघडून बघतात तर साडी त्याच रंगाची, मोरही तसेच, पण यंत्रमागाची. पदर उलटा केला आणि त्यांना कळलं. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, कारण नक्षीचा प्रत्येक रंग हाताने गुंतवून विणलेला असतो. यंत्रमागाच्या साडीला मागच्या बाजूला धागे सुटे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. साडी पाच-सहा हजारांची होती.

त्यांनी फोन केला. समोरच्या बाईंचं उत्तर, ‘तुम्ही हीच पाठवली होती. उलट मीच तुमची तक्रार करणार होते.’ आता वहिनींकडे काय होतं? साडीचे सुंदर फोटो होते, पण ते विक्रीचे फोटो. हीच साडी याच डब्यात गेली, हे दाखवणारं काही नव्हतं. आणि त्यांच्या स्वतःच्या सहीचा कागद त्यांच्याच विरुद्ध होता. विणकराचे निम्मे पैसे अजून द्यायचे होते. ते त्यांनी दिले, स्वतःच्या बचतीतून.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून एक कवायत ठरवली. तीच आज तुम्हाला सांगतो. एका पार्सलला चार-पाच मिनिटं जास्त लागतात. प्रत्येक दोनशे रुपयांच्या वस्तूला हे करू नका. जी वस्तू गेली तर तुमच्या महिन्याचं गणित बिघडेल, तिला करा.

सुरुवात वस्तूच्या ओळखीपासून. प्रत्येक महाग वस्तूला स्वतःचा नंबर असतो किंवा तो आपल्याला द्यावा लागतो. मोबाइलला आयएमईआय असतो. तो फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून दिसतो. फक्त डब्यावरचा नंबर लिहून घेऊ नका. डब्यावरचा आणि फोनच्या पडद्यावरचा, दोन्ही एकाच चित्रात घ्या. कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप, घड्याळ यांना अनुक्रमांक असतो. सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या दागिन्यांना तो लागतोच, आणि बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की दागिन्याची नोंद दिसते. प्रमाणपत्र असलेल्या मोठ्या हिऱ्यावर बऱ्याचदा कडेला लेझरने प्रमाणपत्राचा क्रमांक कोरलेला असतो, तो भिंगातून दिसतो. हे सगळे नंबर बिलावर लिहा. ‘एक सोन्याची अंगठी’ असं बिल काही कामाचं नाही. एचयूआयडी, शुद्धता आणि वजन लिहिलेलं बिल कामाचं.

साडीला, जुन्या तांब्या-पितळेच्या वस्तूला, सतारीला असा नंबर नसतो. तिथे वस्तूच्या खाणाखुणा हाच नंबर. हातमागाच्या साडीत दोन बुट्ट्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. कुठे एक धागा जाड असतो, कुठे काठाजवळ छोटी गाठ असते. अशा तीन-चार जागांचे जवळून फोटो घ्या, उलट्या बाजूचेही घ्या. साडीचं वजन ग्रॅममध्ये लिहा. सिल्क मार्कचं लेबल असेल तर त्याचा क्रमांक नोंदवा. वापरून परत करण्याला आळा घालायचा असेल तर मोठं लेबल पदराच्या दर्शनी बाजूला शिवा, आणि ‘हे लेबल काढल्यास साडी परत घेतली जाणार नाही’ असं त्यावरच लिहा. लेबल आत खोचून लग्न उरकता येऊ नये, एवढाच हेतू. मात्र रेशमावर शाई, अदृश्य पेन वगैरे प्रयोग करू नका, कापड खराब होईल. खूण लेबलवर करा.

मग चित्रीकरण. वस्तू टेबलावर ठेवल्यापासून डबा बंद होऊन त्यावर कुरिअरचं लेबल चिकटेपर्यंत एकच सलग व्हिडिओ. मध्ये थांबवायचा नाही, कापायचा नाही. वस्तूचा नंबर दाखवा, ती चालू करून दाखवा, सोबतचं सामान एकेक मोजत दाखवा, डब्यात ठेवा, चिकटपट्टी लावा, लेबलवरचा क्रमांक जवळून दाखवा आणि शेवटी डबा वजनकाट्यावर ठेवून आकडा दाखवा. हात चौकटीबाहेर जाऊ देऊ नका. हातचलाखीचा संशय तिथेच येतो. चिकटपट्टी साधी नको. उघडल्यावर खूण उमटणारी, क्रमांक छापलेली मिळते, ती वापरा.

पाठवतानाही दोन गोष्टी बघा. कुरिअरच्या पावतीमागचा बारीक मजकूर वाचा. किंमत जाहीर केली नसेल आणि विमा घेतला नसेल, तर पार्सल हरवल्यावर मिळणारी भरपाई बऱ्याचदा वस्तूच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. खरी किंमत जाहीर करा, विमा घ्या. विम्याचे पैसे वाचवायला किंमत कमी लिहिली तर नंतर तोच कागद तुमच्या आड येतो. आणि ओटीपी घेऊन ताबा देणारी किंवा दारात डबा उघडून दाखवणारी सेवा मिळत असेल तर तीच निवडा. ग्राहकासमोर डबा उघडला की ‘रिकामा होता’ हा वाद तिथेच मिटतो. पार्सल निघाल्यावर ‘पत्ता बदला, भावाच्या ऑफिसात द्या’ अशी विनंती आली तर नम्रपणे नाही म्हणा.

आता डबा परत आल्यावर. दारात घाई कोणीही करो, ‘माल ठीक मिळाला’ यावर सही करायची नाही. ‘न उघडता स्वीकारले’ असं लिहून सही करा. तसा रकाना नसेल तर सहीपूर्वी डब्याचे सहाही बाजूंनी फोटो घ्या, फोटोत कुरिअरचा मुलगा उभा दिसला तर उत्तम. वजन करा. जाताना ९४० ग्रॅम आणि येताना ६१० ग्रॅम असेल, तर उघडण्याआधीच तुम्हाला अर्धं उत्तर मिळालं. वजन जुळलं म्हणून मात्र गाफील राहू नका. दगडही मापून ठेवता येतो.

उघडताना पुन्हा एकच सलग व्हिडिओ. शक्य असेल तर घरातली दोन माणसं बसा. एकाने उघडायचं, दुसऱ्याने पाठवणीच्या नोंदीतून मोठ्याने वाचायचं : नंबर अमुक, वजन अमुक, सोबत तीन वस्तू. कोतातली पद्धत तीच. तपासणी पूर्ण होईपर्यंत पैसे परत करायचे नाहीत, आणि तपासणी त्याच दिवशी करायची. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या ठिकाणी विक्रेत्याला भरपाई मागण्याची सोय आहे. एकाकडे तिला सेफ-टी क्लेम म्हणतात, दुसऱ्याकडे सेलर प्रोटेक्शन फंड. पण प्रत्येकाची मुदत आणि अटी वेगळ्या, आणि त्या बदलत असतात. दिवाळीच्या गडबडीत आठ दिवस डबा कोपऱ्यात पडला तर दावा खरा असूनही मुदतीबाहेर जाईल.

आता कायद्याची बाजू थोडक्यात. बरेच विक्रेते यावर सोपा उपाय काढतात : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी. ती सदोष मालाला चालत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष किंवा नकली असेल, वर्णनाप्रमाणे नसेल, किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचली असेल, तर बाजारमंचावरच्या विक्रेत्याला ती परत घेणं नाकारता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल परत घेऊन पैसे देण्यासाठी ३० दिवस धरले जातात. म्हणून बिलावर मुदत आणि अटी स्पष्ट लिहा. ‘आवडलं नाही’ म्हणून परत घ्यायचं की नाही, हे तुम्ही किंवा तुम्ही ज्या मंचावर विकता तो मंच ठरवतो. पण जे ठरलं ते विक्रीआधी ग्राहकाला वाचायला मिळालं पाहिजे. आणि ग्राहक स्वतः राहतो तिथल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. तुम्ही नागपुरात आणि तो चेन्नईत असेल तर उत्तर तुम्हाला चेन्नईच्या तक्रारीला द्यावं लागेल. तेव्हा कागद हाताशी हवेत.

फसवणूक झालीच तर? पहिली गोष्ट, काहीही फेकू नका. डबा, चिकटपट्टी, लेबल, आतला दगड, सगळं तसंच बाजूला ठेवा. दुसरी, फोनवर भांडू नका, जे बोलायचं ते लिहून बोला. तिसरी, मंचाकडे त्याच दिवशी दावा करा. चौथी, पोलिसांत जा. फसवून वस्तू काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. पूर्वी आपण ज्याला चारशे वीस म्हणायचो तोच. ‘समोरचा दुसऱ्या राज्यातला आहे, तिथे जा’ असं कोणी सांगितलं तर शांतपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात.

आणि व्हिडिओ जपून ठेवा, तोही मूळ फाइल, ज्या फोनवर काढला त्या फोनसकट. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत लहान होते, तिच्यातली मूळ माहिती निघून जाते. न्यायालयात अशा पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे त्या फाइलचा बोटाचा ठसा समजा. फाइलमध्ये एक कण बदलला तरी ठसा बदलतो. वकील हे करून देतो, पण मूळ फाइलच नसेल तर तो तरी काय करणार?

एक करू नका. रागाच्या भरात ग्राहकाचा फोटो, पत्ता, नंबर ग्रुपवर टाकू नका. चोर वाटेत होता असं निघालं तर तुम्हीच आरोपी व्हाल.

पैसे परत करण्याबद्दल आणखी थोडं. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जातील, हा नियम कधी मोडू नका. ‘माझं ते खातं बंद झालं, मेहुण्याच्या नंबरवर टाका’ असं कोणी म्हणालं तर थांबा. आलेले पैसे कदाचित तिसऱ्याच कोणाला फसवून तुमच्याकडे पाठवलेले असतात. तो तिसरा १९३० वर तक्रार करतो आणि तुमचं खातं गोठवलं जातं. तोवर माल गेलेला असतो आणि परताव्याचे पैसेही गेलेले असतात. ‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ हाही त्यातलाच प्रकार. त्यात बऱ्याचदा पैसे आलेलेच नसतात, फक्त बँकेसारखा दिसणारा मेसेज आलेला असतो. मेसेज वाचू नका, खात्याचा उतारा उघडून बघा.

इथे मला फौजी म्हणून एक सांगायलाच हवं. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत ‘मी आर्मीत आहे, बॉर्डरवर पोस्टिंग आहे, माझा माणूस येऊन घेऊन जाईल’ असं सांगून, वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र पाठवून फसवणारे बरेच आहेत. लोक विश्वास ठेवतात, कारण त्यांना सैनिकाबद्दल आदर आहे. तो आदर असू द्या. पण लक्षात घ्या, खरा जवान अनोळखी माणसाला आपलं ओळखपत्र मोबाइलवर पाठवत नाही. तसं करायला त्याला मनाई असते. ओळखपत्र मागितल्याशिवाय आलं, तर तीच धोक्याची खूण समजा. व्यवहाराच्या बाबतीत वर्दीला वेगळा नियम लावू नका. आम्हालाही कोतात नंबर वाचूनच रायफल जमा करावी लागायची.

मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. ‘सर, एवढं सगळं केलं तर ग्राहक दुखावणार नाही का? त्याला चोर समजतोय असं वाटणार नाही का?’

याचं उत्तर वहिनींच्याच दुसऱ्या अनुभवात आहे. मधे त्यांची आणखी एक महाग साडी परत आली. कारण तेच, रंग वेगळा वाटला. त्यांच्या पोटात गोळा आला. पण या वेळी नोंद होती. मुलगी वाचत गेली, त्या ताडत गेल्या. वजन जुळलं, लेबल जागेवर, काठाजवळची गाठ जागेवर. साडी तीच होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तासाभरात त्यांनी पूर्ण पैसे परत केले आणि फोन करून आभार मानले. त्या ग्राहक बाईंनी पुढे दोन साड्या घेतल्या. नोंद नसती तर काय झालं असतं? वहिनींनी संशयाने दहा प्रश्न विचारले असते, पैसे आठवडाभर अडवले असते, आणि एक चांगलं गिऱ्हाईक गमावलं असतं. तपासणी चोराला पकडते, तशीच ती प्रामाणिक माणसाला लगेच मोकळं करते. बहुतेक ग्राहक प्रामाणिकच असतात. त्यांना चांगलं वागवता यावं म्हणून हे करायचं.

तेव्हा घरी गेल्यावर तीन कामं करा. एक, एक वही किंवा एक्सेलचा तक्ता उघडा आणि प्रत्येक महाग वस्तूला त्यात एक ओळ द्या : नंबर, वजन, खाणाखुणा, व्हिडिओ कुठे ठेवला आहे. दोन, बिलावर परतीच्या अटी आणि मुदत छापून घ्या. तीन, परतीची मुदत संपेपर्यंत त्या विक्रीचे पैसे खर्च करू नका. विक्री पैसे आल्यावर पूर्ण होत नाही, मुदत संपल्यावर पूर्ण होते. तोपर्यंत ते पैसे तुमच्या खात्यात आहेत, पण तुमचे नाहीत.

धंदा करा, बिनधास्त करा, देशभर करा. फक्त देताना लिहा आणि घेताना वाचा.

जय हिंद.